जैन सॉस बाटलीत मिळत नाही



गेल्या गुरुवारी आमच्या महिला मंडळात पास्त्याच्या सॉसवरून भांडण झालं. मुलांसाठी जैन पदार्थ करून दाखवायचा कार्यक्रम होता. एका तरुण सुनेनं पास्ता उकडला, बाटलीतला लाल सॉस त्यावर ओतला, दोन मिनिटं परतून सगळ्यांना द्रोणातून दिला. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘जैन’ लिहिलेलं होतं, आणि कुणाला शंका नको म्हणून तिनं ती बाटली रांगेतून फिरवलीही. पुढे बसलेल्या एक ज्येष्ठ बाई उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘‘आजकालच्या सुनांचा स्वयंपाक म्हणजे झाकण उघडणं.’’ पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग निम्म्या बायका तिच्या बाजूनं, निम्म्या बाईंच्या बाजूनं. मी त्या दिवशी गप्प बसले. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटत होत्या, आणि तसं उभं राहून सांगणारीला मंडळात नंतर कुणी शेजारी बसवून घेत नाही. म्हणून इथे लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाटलीवर ‘जैन’ छापलं म्हणून आतला सॉस जैन होत नाही. आणि हे ज्यांना कळतं त्यांनी तो सॉस स्वतः चुलीपाशी उभं राहून करावा. दुसऱ्याच्या लेकीला चारचौघांत बोलून कुणाचा धर्म पाळला जात नाही, आपलासुद्धा.

आता पहिल्या गोष्टीविषयी. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. आकडे आणि बारीक अक्षरं वाचायची सवय १९८१ साली लागली ती अजून गेलेली नाही. वाण्याकडे गेले की मी बाटल्या उलट्या करून मागचं वाचते; दुकानातली मुलं हसतात, हसू देत. दोन-तीन महिन्यांत मी चार-पाच प्रकारचे पास्ता सॉस वाचून काढले. एका बाटलीवर ‘कांदा-लसूण विरहित’ असं लिहिलेलं होतं. आमच्याकडच्या किती जणी तेवढं वाचून ती पिशवीत टाकतात! मागे घटकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गाजर. आता त्यात लबाडी काही नाही. कांदा-लसूण न खाणारे वैष्णव लोकही पुष्कळ आहेत, त्यांना गाजर चालतं. बाटली त्यांच्यासाठी होती, आपण उगाच आपली समजलो. हिरव्या ठिपक्याचंही तेच. तो ठिपका मांस आणि अंडं नाही एवढंच सांगतो. बटाटा, मुळा, आलं यांच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

दुसऱ्या बाटलीवर खरोखर ‘जैन’ लिहिलेलं. मागे टोमॅटो पेस्ट, साखर, तेल, मीठ, स्टार्च, मसाले, आम्लता नियंत्रक, संवर्धक. स्टार्च कशाचा? मक्याचा असेल तर ठीक, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा असेल तर तो कंदच झाला. बाटली त्यावर गप्प. मसाल्यांची नावं एकेक करून लिहायची सक्ती नाही, ‘मसाले’ असा एकच शब्द लिहून चालतो; म्हणजे त्यावरही विश्वासच ठेवायचा. आम्लासाठी व्हिनेगर असेल तर ते आंबवून केलेलं, ज्यांना आसव वर्ज्य त्यांना तेही वर्ज्य. आणि या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न बाटलीच्या झाकणाजवळ छापलेला असतो. तयार केल्याची तारीख. माझ्या हातातली बाटली सात महिन्यांपूर्वीची होती.

आपल्या घरांत मर्यादा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. माझ्या सासूबाई दळणाच्या डब्यावर खडूनं तिथी लिहीत. भाजी-भाकरी त्या दिवसाची त्या दिवशी. लोणचंसुद्धा शोधाच्या स्वयंपाकात २४ तासांचं. पाणी गाळून घ्यायचं आणि गाळण्यात राहिलेली जिवाणी पुन्हा विहिरीत सोडायची. या प्रत्येक नियमात प्रश्न एकच आहे: हे कधी केलं, कुणी पाहून केलं, आणि यात जीव उत्पन्न व्हायला किती वेळ मिळाला. त्यात कांदा-लसूण हे एक कलम. बाटलीवाल्यानं तेवढं एक कलम उचललं आणि त्याला आपल्या धर्माचं नाव दिलं. दोष मी त्याला देत नाही, तो धंदा करतो. पण आपणही हळूहळू तेच बोलायला लागलो आहोत. लग्नात ‘जैन काउंटर’ म्हणजे कांदा-बटाटा नसलेली पावभाजी. ती रात्री साडेनऊला वाढतात आणि आपण रांगेत उभे राहून खातो. काय काय काढून टाकलं याची यादी म्हणजे जैन, अशी समजूत होऊन बसली आहे. काय करायचं, ते कुणी विचारतच नाही.

इथपर्यंत वाचून त्या ज्येष्ठ बाईंच्या बाजूच्या मैत्रिणी खूष झाल्या असतील. थांबा जरा.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या सुनेनं अशीच एक बाटली आणली होती. ती बँकेत आहे, सकाळी नऊला निघते, संध्याकाळी साडेसहाला येते. नातीच्या वाढदिवसाला मुलीच्या चार मैत्रिणी यायच्या होत्या, रविवार होता, पास्ता करायचा बेत होता. मी बाटली उलटी केली, वाचली, आणि काही न बोलता मोरीत ओतून दिली. काही न बोलता ओतली याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, की बघा, मी भांडले नाही. सून दारात उभी होती. तिनं फक्त ‘‘बरं आई’’ म्हटलं आणि मुलींना शिरा-पुरी करून घातली.

त्यानंतर आमच्या घरात पास्ता हा शब्द निघाला नाही. मला वाटलं, जिंकले. सात-आठ महिन्यांनी एकदा नातीची वेणी घालत होते. ती तेव्हा नऊ वर्षांची. सहज विचारलं, ‘‘तुला हल्ली पास्ता नको असतो का गं?’’ ती म्हणाली, ‘‘मी खाते ना आजी. तिकडे, मैत्रिणीकडे. तिची आई रात्री करते. आईनं सांगितलंय आजीला सांगू नको, तिला वाईट वाटेल.’’

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला हिशेब कळला. बाटली मी मोरीत ओतली तेव्हा घरातून कांदा-लसूण नाही गेलं, घरातून मूल गेलं. ते दुसऱ्याच्या ताटावर जाऊन बसलं, रात्रीचं, आणि तिथल्या सॉसमध्ये काय होतं ते विचारायची सोय मी माझ्या हातानं बंद केली होती. वर नऊ वर्षांच्या मुलीला मी लपवायला शिकवलं. सत्य अणुव्रत आपण पाठशाळेत शिकवतो ना? ते असं.

मग मी सॉस करायला शिकले. वय ६१. पहिला सॉस इतका आंबट आणि पाणचट झाला की नात म्हणाली, ‘‘आजी, हे सार आहे.’’ बरोबरच होतं तिचं. मी झाकण ठेवून शिजवला होता, वाफ आतच राहिली. दुसऱ्या वेळी गूळ जास्त पडला, तो मुरंब्याच्या वाटेला गेला. तिसऱ्या वेळी पितळेच्या पातेल्यात केला. कल्हई उडालेली होती ते माझ्या लक्षात आलं नाही आणि सगळा कळकला. पाचव्या-सहाव्या खेपेला जमला, आणि आता माझा हात असा बसला आहे की सुनेच्या बँकेतल्या मैत्रिणी कृती मागतात. ती इथे लिहिते, कारण कृती न देता नुसतं बाटलीला नावं ठेवणं म्हणजे त्या बाईंसारखंच झालं.

टोमॅटो पिकलेले घ्या, एक किलो. बाजारात लांबट, जाड सालीचे मिळतात ते दिसायला देखणे. त्यांत रस कमी, गर जास्त, म्हणून सॉस लवकर दाटतो, पण चव फिकी. गोल गावठी टोमॅटो आंबट आणि रसाळ. मी निम्मे-निम्मे घेते. प्रत्येक टोमॅटोच्या बुडाशी सुरीनं फुली मारायची, उकळत्या गाळलेल्या पाण्यात मिनिटभर सोडायचा आणि गार पाण्यात टाकायचा. साल हातानं निघते. मग कापायचा, आणि कापताना पाहायचा. एकेक. देठाजवळ काळा ठिपका दिसला की आत अळी असू शकते. कारखान्यात टनांनी टोमॅटो कढईत जातो, तिथे एकेक टोमॅटो उघडून कोण बघतं? आपला सॉस आणि त्यांचा सॉस यांत फरक विचाराल तर मी या दोन मिनिटांवर बोट ठेवीन.

कांदा नसला की सॉसला गोडवा आणि अंग येत नाही असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. कांदा परतला की त्यातली साखर खरपूस होते, तीच चव लोकांना हवी असते. ते काम लाल भोपळा करतो. शंभर ग्रॅम भोपळा किसून घ्या. रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन मोठे चमचे शेंगतेल, त्यात चिमूटभर हिंग, मग भोपळा. कडा तांबूस होईपर्यंत परता, पाच-सहा मिनिटं. घाई केली तर भोपळा भोपळाच लागतो. नंतर टोमॅटो आणि मीठ. पहिली दहा मिनिटं मोठी आच, पुढची वीस मध्यम, झाकण अजिबात नाही. मधूनमधून पावभाजी घोटायच्या घोटणीनं दाबत राहायचं. उलथन्यानं पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली आणि ती लगेच भरून आली नाही, कडेला तेल दिसायला लागलं, की झाला. एक किलोचा साधारण अर्धा किलो उरतो.

शेवटी पाव चमचा ओवा हातावर चुरडून आणि मिरपूड. ओवा ऐकून नाक मुरडू नका. पिझ्झ्यावर ती वाळकी ओरेगॅनो भुरभुरतात ना, तिच्यात आणि ओव्यात वासाचं द्रव्य बरंचसं सारखं आहे, म्हणून ओवा तिथे परका वाटत नाही. चातुर्मास नसेल तर सब्जाची चार पानं तोडून घालते. इटालियन लोक ज्याला बेसिल म्हणतात तो आपल्या सब्ज्याचाच भाऊबंद. माझ्या कुंडीत सब्जाचंच बी टाकून उगवला आहे. चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असतो तेव्हा पानं नाहीत, ओवाच. आणि हो, आंबटपणा फार वाटला तर सुपारीएवढा गूळ. त्याहून जास्त नको, मी शिकले आहे.

पास्ता उकडताना पाणी भरपूर, त्यात मीठ, आणि पूर्ण शिजायच्या मिनिटभर आधी काढून सॉसमध्ये टाकायचा. उकडलेल्या पाण्यातलं एक पळीभर पाणी बरोबर घालायचं. त्या पाण्यात पिठूळपणा असतो, त्यानं सॉस पास्त्याला चिकटतो. नाहीतर पास्ता एकीकडे आणि लाल पाणी एकीकडे. हे बाटलीवाल्या सॉसलाही लागू आहे, पण तिथे तो स्टार्च आधीच घालून ठेवलेला असतो.

चीजबद्दल एक इशारा. परदेशातून कुणी पार्मेजान आणून दिलं तर प्रेमानं नको म्हणा. अस्सल पार्मेजान जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, तो त्यांचा नियमच आहे. आपल्याकडचं हिरव्या ठिपक्याचं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं; ते चालतं की नाही ते आपापल्या त्यागाप्रमाणे ठरवा. मी चीज घालत नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट वरून टाकते, आणि सांगलीच्या माणसाला दाण्याचं कूट कुठेही चालतं.

आता आणखी एक आक्षेप येणार, तो त्या दिवशी मंडळातही आला होता: मुळात पास्ता आपल्या घरात हवाच कशाला? परक्यांचं खाणं. यावर मला हसावं की रडावं कळत नाही. लहानपणी वैशाखात दुपारी आम्ही आत्याबरोबर पाटावर बसून नखुल्या आणि मालत्या वळायचो. बोटव्या, गव्हले. रव्या-पिठाचे बारीक आकार करून वाळवायचे, मग उकडून खायचे. याला इटलीत वेगळं नाव आहे इतकंच. चकोल्या आपण डाळीच्या आमटीत शिजवतो, त्या पिठाच्या चकत्याच की! आणि टोमॅटो म्हणाल तर तो तरी कुठे आपला? टोमॅटो, मिरची, बटाटा तिन्ही अमेरिका खंडातून युरोपियनांबरोबर आले. इटलीतल्या लोकांचाही टोमॅटो मूळचा नाही. माझ्या सासूबाई जन्मभर टोमॅटो खात नव्हत्या. बहुबीज, आणि वर तांबडा गर, त्यांना तो मांसासारखा दिसे. मी सून म्हणून आले तेव्हा टोमॅटोचं सार करायचं होतं तर आधी त्यांची आमटी वेगळी काढून ठेवायची, मगच टोमॅटोला हात. त्यांनी स्वतः खाल्ला नाही, पण मला कधी मोरीत ओतायला लावला नाही. ते मी त्यांच्याकडून शिकायला हवं होतं, शिकले नाही. जे वर्ज्य मानतात त्यांनी टोमॅटोही सोडावा, मी हात जोडते. पण रोज सारात, भाजीत, कोशिंबिरीत टोमॅटो खायचा आणि पास्त्यावर पडला की तो परका, हे मला मान्य नाही.

डब्यातला वाळका पास्ता महिनेन् महिने जुना असतो, हे खरं. ज्यांना शोधाचं खायचं त्यांच्यासाठी मी घरचं ताजं पीठ घट्ट मळते, पोळी लाटते, कातण्यानं पट्ट्या कापते आणि लगेच उकडते. वीस मिनिटांचं काम. त्यावर हाच सॉस. माझ्या जाऊबाईंचं व्रत आहे, त्यांनी तो पास्ता खाल्ला आणि विचारलं, या चकोल्यांना लाल आमटी कशाची?

आणि अर्धा किलो सॉस एका वेळी संपत नाही, उरलेला फ्रीजमध्ये ठेवू का, हे मला नेहमी विचारतात. ठेवू नका, संपवा. चौघांच्या पास्त्याला तीनशे ग्रॅम लागतो. उरलेल्यात पाणी, जिरं, मिरची, नारळाचं दूध घातलं की त्याच दुपारी सार. किंवा कच्च्या केळ्याची पावभाजी. किंवा ढोबळी मिरची भाजून त्यात टाका, भाकरीबरोबर खा. सकाळी एकदा पातेलं चढवलं की सूर्यास्ताआधी दोन पदार्थ होतात आणि फ्रीजमध्ये डबा जात नाही. मर्यादा पाळायची तर दिवसाचा बेत आधी ठरवावा लागतो. बाटली त्या विचारातूनच तर सुटका देते.

आता हिशेब, माझा आवडता विषय. परवाच्या भावानं एक किलो टोमॅटो ४० रुपये, भोपळा ५, तेल ९, हिंग-ओवा-मीठ-मिरी ३, गॅस ६. एकूण ६३ रुपये, आणि हातात अर्धा किलो सॉस. आमच्या वाण्याकडे त्याहून कमी वजनाची बाटली दोनशेच्या वर आहे. बायका इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, घरचं किती स्वस्त! पण परिव्यय लेखांकनाच्या पहिल्याच धड्यात शिकवतात की मालाच्या किमतीनंतर मजुरी मांडायची असते. सॉसला धुण्या-कापण्यासकट ५० मिनिटं लागतात. मजुरीच्या रकान्यात आपल्या घरात काय लिहितात? शून्य. चाळीस वर्षं मीच तो शून्य लिहीत आले. तासाला १०० रुपये धरले तरी ८३ रुपये झाले, म्हणजे सॉस १४६ रुपयांना पडला. तरीही बाटलीपेक्षा स्वस्त, पण ६३ ला नाही. आणि २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेले होते तेव्हा तर बाटलीच स्वस्त होती, तेही कबूल करते. (त्या महिन्यात आम्ही आमसुलाचं सार खाल्लं. पुढे त्याच वर्षी भाव असा पडला की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. आपल्या सॉसच्या हिशेबात त्या माणसाचा रकाना कुठेच नसतो.)

हे ५० मिनिटं कुणाची, हा खरा प्रश्न आहे, आणि मंडळात तो कुणी विचारला नाही. साडेसहाला घरी येणाऱ्या मुलीची? डिसेंबरात सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ती येते तेव्हा जेवायची वेळ संपलेली असते. तिनं सॉस कधी करायचा, पहाटे पाचला? आणि तो संध्याकाळपर्यंत ठेवला तर पुन्हा मर्यादेवरून आपणच बोलणार! रात्रिभोजन नको, शिळं नको, बाटली नको, बाहेरचं नको, आणि मुलांनी मात्र उपाशी राहायचं नाही. या सगळ्या ‘नको’चा भार एकाच बाईच्या घड्याळावर टाकायचा आणि ती वाकली की म्हणायचं झाकण उघडणारी. ती बाटली तिनं आळसानं आणलेली नव्हती. बाटलीवर ‘जैन’ शोधून मगच आणली, म्हणजे तिला आपलं पाळायचंच होतं. तिच्याजवळ वेळ नव्हता. आपल्याजवळ आहे.

आमच्याकडे आता सॉस मी करते, आणि मी एकटी नाही. हे निवृत्त होऊन सात वर्षं झाली. पहिल्यांदा टोमॅटो सोलायला बसवले तेव्हा चेहरा असा केला जसं काही आयकर खात्याची नोटीस आली आहे. आता साली काढण्यात माझ्यापेक्षा सफाईदार. घोटणी तेच फिरवतात, वर्तमानपत्र एका हातात. धर्म पाळायचा तो घरानं पाळायचा असतो. पुरुषांचा त्याग ताटावर आणि बायकांचा त्याग चुलीवर, अशी वाटणी कुठल्या शास्त्रात आहे ते मला कुणी दाखवा. शनिवारी सून करते, तिला हौस आहे, ती भाजलेली ढोबळी मिरची वाटून घालते आणि तिचा सॉस माझ्यापेक्षा बरा होतो. नात आता चौदाची आहे. शाळेतून येते, साडेपाचला खाते. मैत्रिणींना घेऊन येते. त्या मैत्रिणीची आई मागच्या महिन्यात आमच्याकडून वाटीभर सॉस घेऊन गेली.

त्या बाटलीबद्दल मी सुनेची माफी मागितली का, असं कुणी विचाराल. मागितली, उशिरा. ती म्हणाली, ‘‘आई, मला वाटलं होतं तुम्ही विसरलात.’’ मी म्हटलं, ‘‘हिशेबाची माणसं विसरत नाहीत.’’ दोघी हसलो, पण ती डोळे पुसत आत गेली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीसाठी मी अध्यक्षांकडून तास मागून घेतला आहे. दोन शेगड्या, चार किलो टोमॅटो, दोन मोठी पातेली मी आणते. त्या तरुण सुनेला मी घरी जाऊन बोलावून आले आहे, पास्ता ती उकडणार आहे. त्या ज्येष्ठ बाईंनाही आमंत्रण आहे, मनापासून. टोमॅटो पुष्कळ आहेत, कापायला हात कमी पडतील. त्यांनी येताना आपली विळी आणावी.